थोरला दवाखाना आणि आरोग्याचा कायदा

कोल्हापुरातली जुनी माणसे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला (सीपीआर) आजही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तिच्यात गगनबावड्याचा धनगर, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, भुदरगडहून पुढे पाठवलेली बाळंतीण, निपाणीकडचा शेतमजूर आणि घाट चढून आलेले सिंधुदुर्गातले एखादे कुटुंब एकामागे एक उभे असतात. यातली बरीच माणसे इथे येण्याआधी दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेली असतात. कुठे डॉक्टर नव्हते, कुठे यंत्र बंद होते, कुठे डिपॉझिट मागितले गेले आणि सगळीकडे ‘पुढं घेऊन जा’ एवढेच सांगितले गेले. उपचार मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क असावा का, आणि त्यासाठी संसदेने साऱ्या देशाला लागू होणारा एक कायदा करावा का, हा प्रश्न मला या रांगेपासून वेगळा काढून विचारात घेता येत नाही. माझे उत्तर ‘होय, करावा’ असे आहे. परंतु तो कायदा प्रथम सरकारला बांधणारा असावा आणि खासगी डॉक्टरांना त्यानंतर, अशी माझी अट आहे. आणि या अटीवर तडजोड झाली तर कायदा नसलेला बरा, असे म्हणण्याइतकी ती मला महत्त्वाची वाटते.

आज आपल्या हातात काय आहे, ते आधी पाहू. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, पण तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि त्याच्या आधारे कोणाला थेट न्यायालयात जाता येत नाही. ही उणीव न्यायालयांनी आपल्या परीने भरून काढली. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघातग्रस्ताचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधला एक खटला न्यायालयापुढे आला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवले होते. तेव्हा न्यायालयाने ठरवले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणे म्हणजे २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग होय, आणि पैशांची चणचण ही सरकारची सबब होऊ शकत नाही. असे निकाल असूनही २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्य हा मूलभूत हक्क करण्याची, आधीच्या मसुद्यात असलेली सूचना गाळली गेली. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्याच धोरणात ठेवले गेले, पण उद्दिष्ट चुकले तर कोणाला जाब विचारायचा, हे धोरण सांगत नाही. धोरणाचे ते कामही नव्हे. ते कायद्याचे काम आहे.

कायद्याने असे काय साधते, असे विचारणाऱ्यांना कोल्हापूरकराने उत्तर देताना अडखळू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१९ मध्ये त्यांनी संस्थानातल्या दवाखान्यांसाठी आज्ञा काढली की अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना इतरांच्या बरोबरीने, सन्मानाने वागवले पाहिजे. ज्या कर्मचाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही, असेही त्या आज्ञेत स्पष्ट होते. महाराजांच्या मनातली करुणा सर्वांना ठाऊक होती, तरीही त्यांनी ती लेखी आज्ञेत उतरवली, मुदत घातली आणि न पाळल्यास काय होईल हेही लिहून ठेवले. पुढे थोरला दवाखाना म्हणून नावारूपाला आलेली संस्था तेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने चालत होती. तिच्या दारातून आत जाण्याचा मार्ग समाजाच्या मोठ्या भागासाठी असा हुकमानेच मोकळा झाला.

याच्या उलट, आजच्या सवलती या निर्णयांच्या आणि योजनांच्या आधारावर उभ्या आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच होता. पण वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचा कारभार वेगळा चालतो. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने, जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या माणसाला आपण कोणत्या खात्याच्या छपराखाली आलो, यावर आपल्याला काय मिळेल हे ठरताना पाहावे लागते. रुग्णाला खाते ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसावी. शासनाचा निर्णय दुसऱ्या निर्णयाने बदलता येतो आणि योजनेचे नाव, मर्यादा, अटी सरकारनुसार बदलतात. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, मग केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती असलेली सोय २०२३ मध्ये राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचे ठरले. यातले प्रत्येक पाऊल पुढचे होते, हे मी मनापासून मान्य करतो. पण दिलेली सवलत आणि मागता येणारा हक्क यांतला फरक पावसाळ्याच्या एका रात्री आमच्या घराने अनुभवला आहे.

राधानगरीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या चुलत्यांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जवळच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, डॉक्टर नव्हते. शहरातल्या ज्या खासगी रुग्णालयात आम्ही पोहोचलो, ते योजनेच्या यादीत होते. पण योजनेचे काम पाहणारे आरोग्यमित्र सकाळी येतील, रेशनकार्ड आणा, तोवर डिपॉझिट भरा, असे सांगण्यात आले. कार्ड गावी, कपाटात. चुलतीने अंगावरचे दागिने काढून दिले आणि सकाळी पतसंस्थेचे दार उघडताच त्यावर सोनेतारण कर्ज काढले. चुलते वाचले. आणीबाणीत फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय याच योजनेत आहे, हे आम्हाला पुढे कित्येक दिवसांनी कळले. त्या रात्री समोर बसलेल्या माणसाने ते आम्हाला सांगितले नाही, आणि न सांगितल्याबद्दल त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. योजनेच्या कागदावर आमचे चुलते संरक्षित होते आणि तरीही त्या रात्री चुलतीचे डोरले तारण पडले.

असे असूनही कायद्याला होणारा विरोध मी स्वार्थी म्हणून झटकून टाकणार नाही, कारण त्यातला मोठा भाग खरा आहे. राजस्थानने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्काचा कायदा केला, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. अपघात, सर्पदंश, प्राण्याचा चावा अशा आणीबाणीत आगाऊ पैसे न मागता उपचार करणे खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक झाले, आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकार भरपाई करील असे लिहिले गेले. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सर्पदंशाचा तो उल्लेख किती मोलाचा आहे ते वेगळे सांगायला नको. पण डॉक्टरांनी विचारले की आणीबाणी कोणती हे कोण ठरवणार, भरपाई कोणत्या दराने आणि किती दिवसांत मिळणार, आणि हृदयविकाराचा रुग्ण नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात आला तर त्याने काय करायचे? या प्रश्नांची नेमकी उत्तरे कायद्याच्या मजकुरात नव्हती. दवाखाने बंद पडले, डॉक्टर रस्त्यावर आले आणि एप्रिलच्या सुरुवातीला झालेल्या समझोत्यात ५० पेक्षा कमी खाटांची, तसेच सरकारकडून सवलतीत जमीन वगैरे न घेतलेली खासगी रुग्णालये वगळण्याचे ठरले. हाच निकष आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. गडहिंग्लज, मलकापूर, गारगोटी, जयसिंगपूर अशा गावांत ५० खाटांचे खासगी रुग्णालय विरळाच. ग्रामीण रुग्णाच्या नावाने केलेला कायदा अशा वगळणुकीनंतर शहरातल्या मोजक्या इमारतींपुरता उरतो.

तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणारे डॉक्टर दाम्पत्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक शस्त्रक्रिया करतो, दुसरी बाळंतपणे करते, वरच्या मजल्यावर घर आणि खाली दवाखाना. नर्सिंग होमची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा परवाना, अग्निसुरक्षेचा दाखला, सोनोग्राफी यंत्राच्या नोंदी, असा कागदांचा ढीग त्यांच्यापुढे आजच आहे. त्यातले बहुतेक नियम रुग्णाच्या भल्याचे आहेत आणि ते काढून टाका असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक नवा नियम पाळायला मोठ्या साखळी रुग्णालयाकडे स्वतंत्र कारकून आणि वकील असतो. या दाम्पत्याकडे रविवारची दुपार असते. योजनांतली बिले वेळेवर मिळत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार जुनी आहे. त्यावर विनामूल्य तातडीच्या उपचारांची सक्ती आली आणि परतावा सहा महिने अडकला, तर ते रुग्णालय विकत घेणारा मोठा व्यावसायिक लगेच उभा राहील. मग तालुक्यातला परवडणारा उपचारच नाहीसा होईल. कायद्याने गरिबाचे भले करताना गरिबाजवळचा डॉक्टर संपवला, तर तो कायदा कोणासाठी झाला?

शिक्षणहक्काच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे. २००९ च्या कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या आणि त्यांचे शुल्क सरकारने भरायचे ठरले. परतावा थकत गेला, शाळांची कुरबुर वाढली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला सूट देणारा बदल केला. तो उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. हक्क कागदावर टिकला, पण पालक, शाळा आणि सरकार तिघेही न्यायालयाच्या दारात उभे राहिले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचा नियम महाराष्ट्रात २००६ पासून अमलात आहे. आपल्या ओळखीतल्या किती जणांना तो ठाऊक आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

म्हणून माझा आग्रह असा की पहिले बंधन सरकारवर असावे. सार्वजनिक आरोग्याच्या निकषांप्रमाणे सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवे. हे निकष आज मार्गदर्शक आहेत. ते कायद्याच्या परिशिष्टात जावेत. इमारत उभी आहे एवढ्यावर निकष पूर्ण झाला असे धरू नये. तिथे मंजूर पदे भरलेली आहेत का, रात्री डॉक्टर आहे का, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या शिल्लक आहेत का, यावर तो मोजावा. १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारापासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या जाळ्याचा आराखडा दिला. विमा कार्डे तेव्हा नव्हती, आणि तरीही तो आराखडा आजच्या योजनांपेक्षा रुग्णाच्या घराच्या अधिक जवळ होता, असे मला वाटते.

यातूनच पैशाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला आणि सरकारचा वाटा ४८ टक्के झाला. ही घट मोठी आहे आणि सरकारी गुंतवणुकीने फरक पडतो हेच तिने दाखवले, मात्र २०२१-२२ हे वर्ष करोनाचे होते हेही लक्षात ठेवले पाहिजे. सकल देशांतर्गत उत्पादनाशी तुलना करता सरकारी खर्च त्या वर्षी १.८४ टक्केच होता. शिवाय आयुष्मान भारत योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे. महिन्याच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, बाह्यरुग्ण विभागाच्या फेऱ्या, त्यासाठी बुडणारी मजुरी, हे तिच्या बाहेर राहते. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे कंबरडे हा रोजचा खर्च मोडतो, आणि गोळ्या परवडत नाहीत म्हणून मध्येच बंद केल्या की पक्षाघाताने तोच माणूस पाच लाखांच्या कार्डासह रुग्णालयात दाखल होतो.

विम्यावर विसंबून सुधारणा केली की काय घडते याचा धडा अमेरिकेत आहे. तिथे २३ मार्च २०१० रोजी झालेल्या कायद्याने आधीपासून असलेल्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारण्यास बंदी केली, मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू दिले आणि कोट्यवधी लोकांना विमा मिळवून दिला. ही कामगिरी लहान नाही. पण प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही सक्ती लोकांना जाचक वाटली, २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गरिबांसाठीच्या योजनेचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, २०१७ मध्ये सक्तीचा दंड शून्यावर आणला गेला, आणि मूळ उपचाराची किंमत मात्र जगात सर्वाधिक राहिली. उलट, आपल्यासारखेच मध्यम उत्पन्नाचे असलेल्या थायलंडने २००२ मध्ये आरोग्य सुरक्षेचा कायदा केला, पैसा करांतून उभा केला आणि एका भेटीला ३० बात (तिथले चलन) एवढेच शुल्क ठेवले. त्यांना हे साधले, कारण आधीची कित्येक वर्षे त्यांनी जिल्हा रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली होती. आपल्याकडे २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने जवळपास हाच मार्ग सुचवला होता: करांतून निधी, मोफत आवश्यक औषधे आणि सार्वजनिक सेवेचे बळकटीकरण. तो अहवाल कायद्यात उतरला नाही.

हक्कासोबत पैशाची तजवीज करण्याचा धडा शोधायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या त्या रकमेने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा हक्क उभा राहिला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्यालाही या अनुभवाचा आधार मिळाला. आरोग्याच्या कायद्यातही निधीचे कलम असेच स्पष्ट हवे. २०१८ पासून आपण प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. त्यातला आरोग्याचा हिस्सा किती आणि तो कोणत्या जिल्ह्यात गेला, हे संसदेपुढे दरवर्षी मांडण्याची सक्ती असावी.

आणखी एक आक्षेप आहे तो दिल्लीच्या हस्तक्षेपाचा. रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य हे सातव्या अनुसूचीत राज्यांचे विषय आहेत. म्हणूनच २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा संसदेने २५२ व्या अनुच्छेदाखाली चार राज्यांच्या विनंतीवरून केला आणि इतरांना तो स्वीकारण्याची मुभा ठेवली. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. राज्यांची ही स्वायत्तता मला मोलाची वाटते आणि चंदगडच्या डोंगराचे वेळापत्रक दिल्लीने ठरवू नये, असेही वाटते. परंतु कोल्हापूर सीमेवर आहे. निपाणी-चिकोडीचा माणूस आजारी पडला की इकडे येतो, आपल्याकडचा चंदगडी माणूस बेळगाव गाठतो आणि दोघांच्याही खिशातली कार्डे सीमेवर अडखळण्याची धास्ती असते. किमान हमी देशभर एकच असावी आणि ती कशी पुरवायची हे राज्याने ठरवावे, एवढी वाटणी मला न्याय्य वाटते.

हमी मोडली तर दाद कुठे मागायची, हे सर्वांत कमी चर्चिले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले, त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी दशकानुदशके आंदोलन केले. पण रात्री दोन वाजता दारातून परत पाठवलेल्या रुग्णाच्या नातलगाला उच्च न्यायालय जवळ आल्याने त्या क्षणी काही मिळत नाही. त्याला हवा तो फोन उचलणारा आणि रुग्णालयाला तिथल्या तिथे आदेश देण्याचा अधिकार असलेला जिल्ह्यातला अधिकारी. असा अधिकारी नसला की नातलगांचा संताप समोरच्या निवासी डॉक्टरवर निघतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला आणि तो योग्यच आहे, मात्र हल्ले थांबवण्याचा दुसरा अर्धा मार्ग तक्रारीला जागा देण्यात आहे.

असे विधेयक येईल तेव्हा कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी सभागृहात तीन कलमांसाठी अडून बसावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. तातडीच्या उपचाराचा परतावा खासगी रुग्णालयाला तीस दिवसांत, आणि उशीर झाल्यास व्याजासह, मिळावा. प्रत्येक प्राथमिक केंद्रातल्या रिक्त पदांची आणि औषधसाठ्याची माहिती दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. आणि आणीबाणीत कार्ड, ओळखपत्र किंवा डिपॉझिट मागण्यास मनाई असून ते नंतर सादर करण्याची मुदत रुग्णाला द्यावी. आमच्या चुलत्यांच्या सोनेतारणाचा शेवटचा हप्ता दोन हंगामांच्या ऊसबिलांतून फिटला, तेव्हा चुलतीने डोरले परत आणले. गळ्यात घालण्याआधी त्या बराच वेळ ते हातात धरून बसल्या होत्या.